व्हरमाँटचा टाऊन मीटिंग डे : गावाचा ट्रक, महापौर, शेरीफ आणि आपण

रानजाई

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या निवडणुकांवर इथे धागे बरेच निघतात, पण ते राष्ट्राध्यक्ष, सिनेट आणि व्हिसा यांच्याभोवतीच फिरतात. माझ्या दारापुढचा बर्फ सकाळी सहाला उपसला जाणार की दुपारी, हे ज्या निवडणुकीत ठरतं तिच्याबद्दल काही वाचायला मिळालं नाही. म्हणून हा धागा काढते आहे.

आम्ही सहा वर्षांपासून व्हरमाँटमध्ये राहतो. २०२० च्या जनगणनेत या अख्ख्या राज्याची लोकसंख्या सुमारे ६ लाख ४३ हजार भरली, आणि त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश लोक ग्रामीण भागातले. पन्नास राज्यांत हे प्रमाण सगळ्यात जास्त इथलंच. राजधानी माँटपेलियरची वस्ती आठ हजारांच्या आसपास. आपल्याकडे एवढ्या वस्तीला ग्रामपंचायत असते. आमचं गाव तिथून बारा मैलांवर, त्याहून खूपच लहान. निम्म्याहून अधिक रस्ते मुरमाचे.

मार्चचा पहिला मंगळवार म्हणजे टाऊन मीटिंग डे. त्या दिवशी गावागावांत मतदार एकत्र जमतात, वर्षाचं अंदाजपत्रक मंजूर करतात, गावाचा कारभार बघणारं तीन किंवा पाच जणांचं सिलेक्टबोर्ड निवडतात. शहरांमध्ये याच दिवशी महापौर आणि कौन्सिलची निवडणूक असते.

पहिल्या वर्षी शेजारच्या आजी मला हाताला धरून घेऊन गेल्या. शाळेची व्यायामशाळा, घडीच्या खुर्च्या, ओल्या लोकरीचा वास. दाराशी टाऊन क्लार्क मतदारयादी घेऊन बसलेली. मतदाराला एक रंगीत कार्ड मिळतं, मोजणीच्या वेळी ते उंच धरायचं. मी ग्रीन कार्डवर आहे, नागरिक नाही, म्हणून मला कार्ड नाही. भिंतीलगत आमच्यासारख्यांसाठी वेगळी रांग होती, तिथे बसले.

सुरुवातीला मॉडरेटर, म्हणजे सभा चालवणारा, निवडला. मग एकेक विषय. चौथा की पाचवा विषय होता रस्त्याच्या कामाचा ट्रक : नवा घ्यायचा की जुना आणखी दोन वर्षं रेटायचा. रस्त्याचा फोरमन उठला. नारिंगी जाकीट, हातात टोपी. म्हणाला, मिठाने चासी खाल्ली आहे. मागच्या रांगेतल्या एका गवळ्याने विचारलं, "किती?" फोरमनने अंगठा आणि तर्जनी यांच्यात अंतर धरून दाखवलं आणि म्हणाला, "एवढी जाड होती," आणि मग बोटं जवळजवळ टेकवून, "आता एवढी." सभागृह गप्प झालं.

त्यानंतर पाऊण तास चर्चा चालली. एका बाईंनी दुरुस्ती सुचवली, की रक्कम थोडी कमी करावी आणि उरलेले पैसे दोन वर्षं राखीव निधीतून काढावेत. आवाजी मतदानात कौल कळेना. मग कार्डं वर, माणसं मोजली. सात मतदारांनी मागणी केली तर चिठ्ठ्यांवर गुप्त मतदान घ्यावं लागतं असा नियम आहे, पण तेवढी वेळ आली नाही. दुरुस्ती थोडक्यात मंजूर झाली. म्हणजे त्या खोलीत बसलेल्या सुतार, शिक्षिका, गवळी, निवृत्त पोस्टमास्तर यांनी गावाच्या तिजोरीतला आकडा माझ्या डोळ्यांदेखत बदलला. मी त्या दिवशी घरी येऊन आईला फोन केला आणि तासभर हेच सांगत बसले.

आता मागच्या वर्षीच्या सभेची गोष्ट. जुलै २०२३ च्या पुरात माँटपेलियरचा सगळा बाजार पाण्याखाली गेला ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. बरोब्बर एका वर्षाने, जुलै २०२४ मध्ये, राज्यात परत पूर. आमच्या वळणावरची मोरी दोन्ही वेळा तुंबली आणि रस्ता वाहून गेला. दुसऱ्या वेळी माझी मुलगी तापाने फणफणली होती आणि आम्ही दीड दिवस अडकून पडलो. मला त्या मोरीबद्दल बोलायचं होतं. पण मतदार नसलेल्याला बोलायचं तर सभेच्या दोन तृतीयांश संमतीची गरज असते. मी हात वर केला. मॉडरेटरने विचारलं, "आपल्या गावातल्या एक रहिवासी बोलू इच्छितात, त्या मतदार नाहीत. संमती आहे?"

सगळी कार्डं एकदम वर गेली. मी दोन मिनिटं बोलले, पाय लटपटत होते. मोरीचा व्यास काय, ती किती वेळा तुंबली, पलीकडे किती घरं आहेत, एवढंच. बसले तेव्हा आजींनी माझा हात घट्ट धरला होता.

तुमच्यापैकी कोण कोण अशा लहान गावांत, ग्रामीण राज्यांत राहतं? तिथे काय चालतं? लिहा, प्लीज.

कृष्णाकाठचा

रानजाई, धागा वाचून राहवलं नाही. मी अमेरिकेत नाही, सांगली जिल्ह्यातल्या एका गावात आहे आणि एक टर्म ग्रामपंचायत सदस्य होतो.

तुमची ती व्यायामशाळा म्हणजे आमची ग्रामसभाच. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. कायद्याने गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल ते. पण आमच्याकडे काय होतं सांगतो. झेंडावंदनाला दोनशे माणूस असतं, जिलेबी वाटली की ग्रामसभेला वीस उरतात. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग आठ दिवसांनी दहा-बारा जण बसतात आणि ठराव होतात. सह्यांचं रजिस्टर घरोघरी फिरताना मी स्वतः पाहिलंय, त्याला विरोध केला म्हणून माझ्याशी वर्षभर बोलणं टाकलं होतं काही मंडळींनी.

मला तुम्हाला एकच विचारायचंय. तुमच्याकडे आकडा सभेत बदलता येतो म्हणालात. आमच्याकडे आराखडा तयार होऊन येतो, ग्रामसभा "वाचून कायम" म्हणते. तुमच्या लोकांच्या हातात आधी कागद येतो का? का तिथेच पहिल्यांदा ऐकतात?

रानजाई

कृष्णाकाठचा, कागद आधी येतो, आणि मला वाटतं सगळी ताकद त्यातच आहे.

सभेच्या निदान तीस दिवस आधी 'वॉर्निंग' लावावी लागते. वॉर्निंग म्हणजे विषयपत्रिका, पण तिच्यात प्रत्येक विषय नेमक्या शब्दांत छापलेला असतो. जे तिच्यात नाही त्यावर सभेत बंधनकारक मतदान घेता येत नाही, त्यामुळे ऐनवेळचा विषय म्हणून काही घुसवायची सोय नाही. शिवाय गावाचा वार्षिक अहवाल मिळतो. आमचा शंभरेक पानी आहे : कुठल्या रस्त्यावर किती खडी पडली, फोरमनचा पगार किती, वाचनालयाला काय दिलं. बऱ्याच गावांत कर थकवणाऱ्यांची नावंसुद्धा छापतात. लोक त्यावर पेन्सिलीने खुणा करून सभेला आणतात. आजींच्या प्रतीत पानापानाला चिकटचिठ्ठ्या असतात.

गणपूर्तीची अट मात्र इथे नाही. येतील तेवढ्यांनी ठरवायचं.

मुक्काम_माँटपेलियर

अरे वा, बारा मैलांवरची शेजारीण! मी माँटपेलियरमध्येच आहे, आणि तुमच्यासारखंच ग्रीन कार्ड. फरक असा की मी मतदान केलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो. माँटपेलियरच्या मतदारांनी २०१८ मध्ये कौल दिला, की देशात कायदेशीरपणे कायम राहणाऱ्या, पण नागरिक नसलेल्या रहिवाशांना शहराच्या निवडणुकीत मत असावं. इथे शहराची सनद, म्हणजे शहराच्या कारभाराचा मूळ कायदा, बदलायला राज्य विधिमंडळाची मंजुरी लागते. विधिमंडळाने २०२१ मध्ये माँटपेलियर आणि विनूस्की या दोन शहरांसाठी ती दिली, गव्हर्नर फिल स्कॉट यांनी नकाराधिकार वापरला, आणि विधिमंडळाने तो दोन तृतीयांश मतांनी फिरवला. प्रकरण कोर्टात गेलं. जानेवारी २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने माँटपेलियरची तरतूद वैध ठरवली. पुढे याच राज्यातल्या बर्लिंग्टन शहरानेही तोच मार्ग धरला.

हे मत फक्त शहरापुरतं. गव्हर्नर, शेरीफ, काँग्रेस यांपैकी कशालाही नाही. विनूस्कीत शाळेच्या अंदाजपत्रकावरही मत देता येतं, आमच्याकडे ते नाही. आमची यादी वेगळी ठेवतात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. नागरिकत्वाच्या अर्जात तुम्ही कधी मतदार म्हणून नाव नोंदवलं का, मत दिलं का, हे विचारतात. त्यामुळे आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, तुमच्या शहराच्या सनदेत काय लिहिलंय ते वाचा, नोंदणीची कागदपत्रं जपून ठेवा. मी तसंच केलं. आणि ज्या गावात हा हक्क नाही तिथे चुकूनही नाव नोंदवू नका; ड्रायव्हिंग लायसन्सच्या फॉर्मवर गडबडीत खूण केली म्हणून अडचणीत आलेली माणसं आहेत.

आता महापौर. आपल्याकडून आलेल्या माणसाला वाटतं महापौर म्हणजे शहराचा मालक. आमच्याकडे महापौर थेट लोकांतून निवडतात, दोन वर्षांसाठी, पण रोजचा कारभार सिटी मॅनेजर बघतो. नगरपरिषदेतले मुख्याधिकारी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे जवळपास कळेल. पण मुख्याधिकारी राज्य सरकार पाठवतं, आणि आमचा मॅनेजर कौन्सिल नेमते, कौन्सिलच काढू शकते. पुरानंतर हा फरक जाणवला. लोकांचा राग कौन्सिलच्या बैठकीत थेट पोचायचा आणि उत्तर त्याच खोलीत बसलेल्या माणसाला द्यावं लागायचं.

एका मताने काय होतं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी : १९८१ च्या मार्चमध्ये बर्नी सँडर्स, जे पुढे सिनेटर झाले, बर्लिंग्टनचे महापौर झाले ते अवघ्या १० मतांनी. एका इमारतीतली चार कुटुंबं घरी बसली असती तर ते झाले नसते.

पिंपळपान

सुंदर चर्चा. मला शेरीफबद्दल विचारायचंय. लहानपणी मुंबईत 'नगरपाल' हा शब्द ऐकला होता, इंग्रजीत शेरीफ ऑफ बॉम्बे. दिलीपकुमार होते, सुनील गावसकर होते. ते तर पाहुण्यांचं स्वागत, शोकसभा असल्या मानाच्या कामांसाठी. इकडचा शेरीफ मात्र बंदूकवाला. एकच पद आहे का हे?

आयोवाकर

पिंपळपान, मूळ एकच, इंग्लंडातलं. तिथून निघालेलं पद मुंबईत नुसतं मानाचं राहिलं आणि अमेरिकेत काउंटीचा, म्हणजे इथल्या जिल्ह्याचा, पोलीसप्रमुख झालं. मी आयोवात आहे, ९९ काउंट्या, प्रत्येकीला एक शेरीफ, चार वर्षांसाठी लोकांनी निवडलेला. काउंटीचं जेल तोच चालवतो, कोर्टाची समन्स त्याचेच डेप्युटी बजावतात, घरावर जप्ती आली तर लिलावही त्याच्याच कचेरीतून होतो. आमच्या भागात दोन-तीनशे वस्तीची गावं आहेत, त्यांना स्वतःचा पोलीस नाही. रात्री दोनला फोन केला तर येणारा डेप्युटी शेरीफचा.

आपल्याकडे पोलीस अधीक्षक बदलून येतो, बदलून जातो. त्याला मत मागायला दारात यावं लागत नाही. इथला शेरीफ येतो. आमच्याकडे एका उन्हाळ्यात काउंटीच्या जत्रेत दोन्ही उमेदवार मक्याच्या कणसांच्या दुकानाशेजारी उभे होते. मी जाऊन विचारलं, की जेलमध्ये मनोरुग्ण कैद्याला रात्री कोण बघतं? एकाने मुद्देसूद उत्तर दिलं, दुसऱ्याने खांद्यावर थाप मारून स्टिकर दिलं. माझा निर्णय तिथेच झाला.

पण याची दुसरी बाजूही आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. निवडून आलेल्या शेरीफला मधेच हटवणं फार अवघड. आणि ग्रामीण काउंटीत कितीतरी वेळा एकच उमेदवार असतो, मतपत्रिकेवर दुसरं नावच नाही. मग निवडणूक कसली? आपल्या लोकांनी निदान प्रायमरीला, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीला, जावं, खरी लढत असलीच तर तिथे होते. आमच्या शहरांच्या निवडणुका विषम वर्षांच्या नोव्हेंबरात असतात, शाळा बोर्डाबरोबर. तेव्हा मतदान केंद्रावर मी, बायको आणि यादी धरून बसलेले तीन ज्येष्ठ नागरिक, एवढेच असतो कधी कधी. पोटात तुटतं ते बघून.

रानजाई

आयोवाकर, एकच उमेदवार असण्याचं दुखणं आमच्याकडेही आहे.

व्हरमाँटमध्ये १४ काउंट्या, म्हणून १४ शेरीफ, चार वर्षांची मुदत, निवडणूक नोव्हेंबरात. गंमत वाटेल, पण शेरीफलाच अटक करायची वेळ आली तर ती कुणी करायची? त्यासाठी काउंटीत 'हाय बेलिफ' नावाचं वेगळं पद निवडून देतात, दोन वर्षांसाठी. बहुतेक मतदारांना ते पद कशासाठी आहे हे ठाऊक नसतं. मला आजींनी सांगितलं.

आमच्या गावाला पोलीस नाही. राज्य पोलिसांची चौकी लांब. म्हणून सिलेक्टबोर्ड शेरीफच्या खात्याशी करार करतं : आठवड्याला इतके तास गस्त, तासाला इतके डॉलर. तो आकडा अंदाजपत्रकात असतो, म्हणजे सभेत त्यावर वाद होतो. गेल्या वर्षी एकीकडे शाळेपुढे गाड्या सुसाट जातात म्हणून तास वाढवा म्हणणारे पालक, आणि दुसरीकडे तोच पैसा रुग्णवाहिकेला द्या म्हणणारे. मला अजूनही ठरवता आलेलं नाही कुणाचं बरोबर होतं. माझी मुलगी त्या शाळेत जाते, आणि रुग्णवाहिकेची वाट बघत बसणं काय असतं तेही मी अनुभवलंय.

कृष्णाकाठचा, तुमच्यासाठी एक खास. इथे गावोगावी तीन 'फेन्स व्ह्यूअर' नेमतात. दोन शेतकऱ्यांत कुंपणावरून तंटा झाला तर हे तिघं जागेवर जाऊन बघतात आणि कुणी किती कुंपण राखायचं ते सांगतात.

कृष्णाकाठचा

बांधाची भांडणं! आमच्याकडे दोन भावांची अशी एक केस वीस वर्षं चाललीय, वकिलांच्या फीपायी दोघांनीही अर्धा-अर्धा एकर विकला. तीन शहाणी माणसं पहिल्याच पावसाळ्यात बांधावर जाऊन उभी राहिली असती तर...

असो. आपल्याकडे तर निवडणूकच वेळेवर होत नाही याचं जास्त दुःख आहे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासक होता. राज्यभर तेच झालं. सरपंच थेट जनतेतून निवडायचा कायदा २०१७ ला आला, २०२० ला गेला, २०२२ ला परत आला. नियम सरकारगणिक बदलले की लोकांनी विश्वास कशावर ठेवायचा? तुमचा मार्चचा मंगळवार कुणी पुढे ढकलत नाही ना, मला त्याचाच हेवा वाटतो.

रात्रपाळी_नर्स

मी बर्लिंग्टनजवळच्या एका गावात राहते, नागरिक आहे. रानजाई, तुमच्या भावना पोचल्या, पण मला दुसरी बाजू मांडायची आहे.

मंगळवारी सकाळी दहाला सभेला कोण येऊ शकतं? निवृत्त लोक, ज्यांचं काम स्वतःच्या हातात आहे ते लोक. मी बारा तासांची रात्रपाळी करून येते. बिनपगारी रजेचा हक्क आहे हो, पण कामाचा खोळंबा होत असेल तर नाही मिळत, आणि वॉर्डात खोळंबा रोजच असतो. शिवाय 'बिनपगारी' शब्दाचं ओझं प्रत्येक घराला सारखं नसतं. कोविडच्या काळात कायद्याने तात्पुरती मुभा दिली म्हणून आमच्या गावाने सभेऐवजी छापील मतपत्रिका घेतली, नंतर तीच पद्धत कायम केली. आता मी घरी बसून मत देते. आमच्याकडे भाग घेणाऱ्यांची संख्या वाढली. दीडशे माणसांनी हात वर करून सगळ्यांच्या वतीने ठरवायचं याला मी लोकशाही म्हणणार नाही.

आणि हात वर करून मत देणं सगळ्यांना जमत नाही. ज्याच्याकडून तुम्ही घर भाड्याने घेतलंय तो पुढच्या रांगेत बसला असेल तर?

रानजाई

ताई, तुमचं म्हणणं मनाला लागलं. मी ते लिहायला हवं होतं. आमच्या सभेत माझ्या वयाच्या, लहान मुलं असलेल्या बायका मोजक्याच असतात.

तरी एक अडचण मांडते. मतपत्रिकेवर फक्त हो किंवा नाही. त्या ट्रकची रक्कम कमी करून राखीव निधीतून उरलेले काढावेत, ही तिसरी वाट त्या बाईंना सुचली ती फोरमनचं बोट बघितल्यावर. कागदावर ती सुचली असती तरी लिहायला जागा नव्हती. आणि मला स्वतःला कागदावर स्थानच नाही. मी बोलू शकले ती फक्त सभा होती म्हणून. बारा मैल अलीकडे राहिले असते तर मत असतं, इथे आवाज आहे. तोही सुटला तर माझ्याकडे उरतं काय?

काही गावांनी मधला रस्ता काढला आहे : सभा शनिवारी सकाळी किंवा सोमवारी संध्याकाळी, मुलांना सांभाळायला शाळेतली मोठी मुलं. आमच्या सिलेक्टबोर्डला मी याबद्दल लिहिणार आहे. तुमची हरकत नसेल तर रात्रपाळीचा मुद्दा तुमच्या शब्दांत घेते.

रात्रपाळी_नर्स

नक्की घ्या. शनिवार असेल तर मीही आमच्या गावात सभेच्या बाजूने बोलेन.

मुक्काम_माँटपेलियर

रानजाई, त्या मोरीचं पुढे काय झालं ते राहिलंच.

रानजाई

मोठी मोरी बसवायचा खर्च गेल्या वर्षीच्या वॉर्निंगमध्ये नव्हता, त्यामुळे तेव्हा ठराव होऊ शकला नाही. सिलेक्टबोर्डने "बघतो" म्हटलं.

पण मतदारांपैकी ५ टक्के लोकांनी सह्या केल्या तर विषय वॉर्निंगमध्ये घालता येतो. सभेच्या ४७ दिवस आधी अर्ज टाऊन क्लार्ककडे पोचला पाहिजे, म्हणजे जानेवारीच्या मध्यापर्यंत. अर्ज आजींच्या नावाने आहे. सही मला करता येत नाही, पण गाडी मी चालवते. त्या दार वाजवतात, मी पुराचे फोटो दाखवते. फोरमननेही सही केली, आणि पाईप किती इंची हवा ते पेनने मागच्या कोऱ्या बाजूला लिहून दिलं.

टेकडीवरची सहा घरं राहिली आहेत. उद्या बर्फ पडला नाही तर दुपारपर्यंत उरकतील.